मधल्या खंडाची परीक्षा

तीन खंडांच्या अद्भुत कादंबरीत पहिल्या खंडाला नवलाईचा फायदा मिळतो, तिसऱ्याला शेवटाचा. मधल्याच्या वाट्याला दोन्ही नाही. म्हणून ‘मधला भाग रेंगाळतो’ हा शेरा सवयीने मारला जातो. माझ्या मते मधला खंड वेगावर जोखू नये. पहिल्या खंडात आपण जे निमूट मान्य केले, ते तो पुन्हा तपासायला लावतो का, हे पाहावे.

ही कसोटी आपल्याला परकी नाही. रामायणाच्या सात कांडांत किष्किंधाकांड चौथे, म्हणजे बरोबर मधले. मरणाच्या दारातला वाली रामाला जाब विचारतो तो तिथेच. राम उत्तर देतो, तरी वाद मिटलेला नाही.

अमीश त्रिपाठी यांची शिवत्रयी (२०१०, २०११, २०१३) मूळ इंग्रजी असली तरी मराठीतही आली आहे. तिच्या पहिल्या खंडात मेलुहा हे आदर्श राज्य. तिथे सती ‘विकर्म’ ठरते, कारण तिचे मूल मृत जन्मले आणि नवरा बुडून मेला. शिव तो कायदा रद्द करवतो आणि वाचक समाधानाने पुढे सरकतो. ‘द सीक्रेट ऑफ द नागाज’ हा मधला खंड ते समाधान मोडतो. मूल मेलेले नव्हतेच. ते व्यंग घेऊन जन्मले म्हणून ‘नाग’ ठरले आणि सतीच्या बापाने, सम्राट दक्षाने, ते दडवले. तोच गणेश. सतीची जुळी बहीण काली हीदेखील अशीच टाकलेली. शत्रू म्हणून ज्यांचा पाठलाग केला, ते घरचेच निघतात. पहिल्या खंडातले दुर्दैव इथे लबाडी ठरते. हे या खंडाचे खरे बळ.

नागांची राजधानी पंचवटी गोदावरीकाठी आहे. नर्मदेपलीकडचा हा मुलूख उत्तरेच्या राज्यांना भयाचा वाटतो. आम्हा गोदाकाठच्या वाचकांना त्या भयाच्या नकाशात आपलाच शिवार दिसतो, आणि बहिष्कृत कोणी ठरवले हा प्रश्न जवळचा होतो.

उणिवाही आहेत. काशी, ब्रंग, दंडकारण्य अशा लांबच्या प्रवासात पात्रे बरेच काही जाणतात, पण बोलत नाहीत. केवळ कथा लांबावी म्हणून पाळलेले मौन वाचकाला जाणवते. शेवटी मेला समजलेला बृहस्पती समोर उभा राहतो आणि पुस्तक मालिकेच्या भागासारखे तुटते. मोठी उणीव मात्र तिसऱ्या खंडात उघडी पडते. नागांच्या व्यंगाचे मूळ तिथे सोमरसात सापडते. मधल्या खंडाने विचारले होते, मूल टाकणारा समाज कसला? उत्तर मिळाले ते व्यंग कशाने आले याचे. कारण सापडल्याने अपराध फिटत नाही.

टोल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एकसंध ग्रंथ म्हणून लिहिले. १९५४-५५ साली ते तीन खंडांत छापले गेले, म्हणून ‘द टू टॉवर्स’चा तुटका शेवट बराचसा छपाईच्या सोयीचा आहे. तरी पहिल्या खंडात जो गॉलम किळस आणि भीती यांचा विषय होता, तो इथे वाटाड्या होतो आणि त्याची कीव येऊ लागते. उर्सुला ले ग्विन यांचे ‘द टोम्ब्स ऑफ अतुआन’ (१९७१) याही पुढे जाते. पहिल्या खंडाचा नायक गेड बराच वेळ येतच नाही. थडग्यांची पुजारीण तेनार ही मुलगी केंद्रस्थानी राहते. तिचा प्रश्न त्याच खंडात उभा राहतो आणि तिच्याच निर्णयाने त्याच खंडात सुटतो. पुढच्या खंडासाठी काही उधार ठेवलेले नाही.

मराठीत खंडांचा बेत आखणाऱ्यांनी एक वाचक डोळ्यांपुढे ठेवावा. तालुक्याच्या वाचनालयात आधीचा आणि नंतरचा खंड कुणाच्या तरी घरी अडकलेला असतो, कपाटात मधलाच उरतो. तेवढाच वाचून परत करणाऱ्यालाही एक पुरी गोष्ट मिळायला हवी.