जुन्या टेपा, नवा ठोका

न्यू वेव्हच्या गाजलेल्या गाण्यांचे डान्स रिमिक्स एकत्र करून काढलेले संग्रह आता सर्रास मिळतात, आणि सलग ऐकले की त्यांतली बहुतेक गाणी एकाच साच्यातून निघालेली वाटतात. आधी नुसता बेस ड्रम, म्हणजे डीजेला मागचं गाणं जोडून घेता येतं. मग ओळखीची सिंथची धून. मग सगळं थांबतं, आवाज चढत जातो आणि तोच ठोका दुप्पट जोरात परततो. गाणं सॉफ्ट सेलचं असो की युरिदमिक्सचं, वागणूक तीच. या संगीताचा जन्मच रिमिक्सच्या सोबतीने झाला, म्हणून हे जास्त खटकतं.

1982 साली निर्माते मार्टिन रशंट यांनी ह्यूमन लीगच्या 'डेअर' या अल्बमची मोडतोड करून 'लव्ह अँड डान्सिंग' तयार केला. ग्रँडमास्टर फ्लॅशच्या रेकॉर्डींनी ते भारावले होते. संगणकावर कापाकापी करण्याची सोय नव्हती. टेप हाताने कापायची आणि चिकटवायची. हा अल्बम आजही ताजा वाटतो, कारण रशंट यांनी आधी काय काढायचं ते ठरवलं. गायक फिल ओकी यांचं गाणं बहुतांशी गेलं. एखादा शब्द तुटून येतो, प्रतिध्वनीत विरतो, आणि लिन ड्रम मशीनचा कोरडा टाळीसारखा आवाज मोकळ्या जागेत पडतो. न्यू वेव्हचा गारठा त्या मोकळ्या जागेतच आहे. आजचे बरेच रिमिक्सकार नेमकी तीच जागा भरून टाकतात.

न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' घ्या. 1983 मध्ये ते बारा इंची रेकॉर्डवर आलं; साडेसात मिनिटांचं, रूढ अर्थाने ध्रुवपद नसलेलं. सिक्वेन्सरमध्ये सूर भरताना जिलियन गिल्बर्ट यांच्याकडून एक सूर राहून गेला, त्यामुळे सिंथची धून ठोक्यापासून किंचित सरकली. बँडने ती तशीच ठेवली. यंत्राच्या शिस्तीत राहिलेली ही तिरपी चाल गाण्याला अस्वस्थ करते, आणि त्या अस्वस्थपणावरच लोक नाचत आले. 1988 मध्ये क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी ते रेडिओसाठी आटोपशीर केलं. ते चाललंही, पण माझ्या कानाला ते गुळगुळीत लागतं. 1995 मध्ये जर्मनीच्या हार्डफ्लोअरने याच गाण्यावर आपला ॲसिड बाज चढवला, तो मला कितीतरी प्रामाणिक वाटतो. त्यांनी गाण्याला सजवलं नाही, आपल्या भाषेत बोलायला लावलं.

द क्युअरच्या 'मिक्स्ड अप'ने (1990) आणखी एक अडचण दाखवून दिली. 'अ फॉरेस्ट'च्या मूळ टेपाच सापडेनात, म्हणून बँडने ते गाणं नव्याने वाजवून रेकॉर्ड केलं. आज ही अडचण कुणी मोजत नाही. डीझर कंपनीने 2019 मध्ये 'स्प्लीटर' हे सॉफ्टवेअर खुलं केल्यापासून तयार गाण्यातून गळा, ड्रम, बेस घरबसल्या वेगळे काढता येतात. ज्यांच्यापर्यंत मूळ टेपा कधी पोचल्या नसत्या अशा तरुणांना दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण असा सुटा केलेला गळा हेडफोन लावून ऐका: शब्दांच्या कडांना पाणी लागल्यासारखं होतं, झांजांचा अंश 'स' आणि 'श'मध्ये अडकून राहतो. तो झाकायला मग जाड ठोका आणि भरपूर रिव्हर्ब येतो. साचा निम्मा इथून तयार होतो.

2018 मध्ये द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथ यांनी 'टॉर्न डाउन' या अल्बमसाठी आपलीच सोळा गाणी स्वतः रिमिक्स केली. प्रत्येक जमलं आहे असं नाही, पण कुठला थर बाजूला केला तर गाणं उभं राहील हे शोधणारा कान त्यांत जागोजागी दिसतो. संग्रह काढणाऱ्या कंपन्यांनी निदान इतकं करावं: रिमिक्सकाराच्या हाती मूळ टेपा द्याव्यात, आणि त्याला पाच नव्हे, दहा मिनिटं द्यावीत.