स्वस्त कोकण, पण कुठून?

गेली चार वर्षं हिंजवडीतल्या खोलीत रात्री जेवताना मी एकाच प्रकारचे लेख वाचत आणि एकाच प्रकारचे व्हिडिओ बघत आलोय: कमी पैशांत कोकण. आता या प्रकाराबद्दल काही बोलायचा मला अधिकार आहे असं वाटतं. तो मी फुकट बघितला असला, तरी त्याच्या भरवशावर एकदा प्रवासही केला आहे.

सुरुवात ठरलेली असते. पहाट, स्वारगेट किंवा पनवेल, पाठीवर सॅक, हातात कटिंग. मग एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. मग दिवा–सावंतवाडी गाडी, खाड्यांवरच्या फेरीबोटी, कुणाच्या तरी पडवीतलं घरगुती जेवण, आणि शेवटी पडद्यावर एकूण खर्चाचा आकडा.

या लोकांचा मी ऋणी आहे, हे आधी सांगतो. दाभोळला वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्याला उतरलं, की चिपळूणवरून मारायचा मोठा वळसा वाचतो, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, यांनी सांगितलं. तालुक्याच्या गावातून शेवटची एसटी कधी सुटते आणि मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे सरकारी पर्यटन पुस्तिकेपेक्षा यांच्याकडे जास्त नीट मिळतं. मराठीत प्रवासाचा खर्च उघडपणे लिहिण्याची फारशी सवय नव्हती. जुनी प्रवासवर्णनं काढून बघा. सूर्यास्त पानभर, आणि तिकिटाचे पैसे कुणी दिले याचा पत्ता नाही. तेव्हा आकडा सांगणं हीच या प्रकाराची मोठी गोष्ट आहे.

माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. तो कुठून मोजला, याबद्दल आहे.

मी केळापूरचा. पांढरकवड्याला लागून, नागपूर–हैदराबाद महामार्गाजवळ, जगदंबेच्या देवळाचं गाव. नकाशावर पट्टी ठेवून बघितलं तर आम्हाला जवळचा समुद्र कोकणातला नाहीच. मुंबईपेक्षा आंध्रातलं मछलीपट्टणम जवळ पडतं. आमच्या खुनी नदीचं पाणीसुद्धा पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. तरी शाळेच्या पुस्तकात 'आपल्या महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे' हे वाक्य मीही पाठ केलं होतं. तो किनारा बघायचा तर आधी यवतमाळ, मग रात्रभर ट्रॅव्हल्स, मग पुणे. म्हणजे जिथे व्हिडिओ सुरू होतो तिथे पोचेपर्यंत आमचा एक दिवस आणि एका माणसाचे बरेच पैसे गेलेले असतात. एसटीचा चार दिवसांचा पास पांढरकवड्यातूनच काढला, तर दोन दिवस जाण्यायेण्यातच संपतात. या लेखनात सुरुवातीचा खर्च नेहमी शून्य धरलेला असतो, आणि तो शून्य धरलाय हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. जावं कधी, यावर सगळ्यांचं एकमत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, गर्दी बेताची, सुट्ट्यांचे दिवस सोडले तर खोल्या स्वस्त. आमच्याकडे नेमके हेच कापूस वेचणीचे महिने. ज्याच्या घरी कापूस आहे तो तेव्हा चार दिवस गाव सोडू शकत नाही. मजूर मिळाले तर त्यांच्यामागे उभं राहायचं, नाही मिळाले तर स्वतः वाकायचं. तो मोकळा होतो एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा शाळांना सुट्ट्या, आंब्याचे दिवस, खोल्यांचे भाव चढलेले, आणि असा घाम की ज्याची पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाला सवय नाही. जूनमध्ये आमच्याकडे पेरणी, तिकडे जंजिऱ्याच्या होड्या बंद. 'कुणालाही परवडेल' असं म्हणताना या 'कुणालाही'त पगारी रजा असलेला माणूसच डोळ्यांपुढे असतो. माझ्यासारखा.

मागच्या मे महिन्यात मी बाबांना घेऊन गेलो. आई आली नाही. जनावरांचं कोण बघणार? हा खर्चही मला कुठल्या यादीत सापडलेला नाही. पुण्याहून पास काढला, दापोली, दाभोळ, फेरीबोट (ती पासात येत नाही), धोपावे आणि गुहागर. समुद्र बघून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं पाणी हाये, अन् एक एकर भिजत नाही."

संध्याकाळी गावातल्या एका घरी जेवणाची सोय विचारली. बाईंनी ताटाचा भाव सांगितला. मी शिकल्याप्रमाणे घासाघीस केली. हे कौशल्य या व्हिडिओंत फार हौसेने दाखवतात: आधी हसायचं, मग 'विद्यार्थी आहोत' म्हणायचं, मग दोन ठिकाणी विचारून आल्याचं सांगायचं. ताटामागे मी तीस रुपये कमी केले. सकाळी निघताना बाबा मागे रेंगाळले, आणि साठ रुपये देऊन आले. बसस्टँडवर म्हणाले, "आपल्या कापसाचा भाव समोरचा सांगते, तवा मले कसं वाटते, तुले माहीत नाही काय?"

मला माहीत होतं. मी लहानपणी त्यांच्यासोबत गाडीवर बसून बाजारात गेलेलो आहे. तरी ताटाचा भाव पाडताना ते आठवलं नाही, कारण जे बघून शिकलो त्यात समोरची बाई कधी माणूस म्हणून येतच नाही. ती येते 'मावशींच्या हातची चव' म्हणून. ती किती वाजता उठली, नारळ कुणी खवला, मासळी कितीला आणली, हे कॅमेरा विचारत नाही. आपला खर्च पैशापैशाने सांगणारा माणूस तिच्या खर्चाबद्दल गप्प असतो. आपली काटकसर म्हणजे कुणाची तरी कमी झालेली कमाई असू शकते, हे कळायला मला साठ रुपये लागले.

मराठी साहित्याला हे कळत नव्हतं असं नाही. पु.लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीत वीज येणार म्हटल्यावर हरखून जात नाही. उजेडात आपलं दारिद्र्यच दिसणार, हे त्याला ठाऊक असतं. आता उजेड ड्रोनचा आहे आणि त्यात पडकी भिंतसुद्धा 'अस्सल कोकणी घर' म्हणून देखणी दिसते. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधलं आरवली (१९६४) वाचताना समुद्र फारसा लक्षात राहत नाही, माणसं राहतात.

पण या सगळ्यांपेक्षा मला जवळचे वाटतात ते विष्णुभट गोडसे. रायगड जिल्ह्यातलं पेणजवळचं वरसई हे त्यांचं गाव. १८५७ साली ते घराबाहेर पडले ते कर्ज होतं म्हणून. उत्तरेत यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, या आशेने. १९०७ साली छापून आलेला 'माझा प्रवास' बंडाच्या आणि झाशीच्या हकिकतींसाठी वाचला जातो. मला त्यातला पैशांचा हिशेब आवडतो. किती मिळाले, कुठे लपवले, कुणी लुटले. कोकणातून निघालेला हा स्वस्त प्रवास हौसेचा नव्हता, आणि त्यात शून्य कुठे आहे ते अगदी स्पष्ट आहे: घरी, आईवडिलांपाशी. परतताना ते काय आणतात? गंगेची कावड. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात.

आजच्या लेखनाने गोडशांसारखं लिहावं असं मी म्हणत नाही. पण पहिल्या ओळीत 'मी अमुक गावाहून निघालो, मला इतक्या दिवसांची रजा होती, घरी अमुक माणूस मागे राहिलं' एवढं लिहायला हरकत नसावी. त्यानंतर खर्चाचा आकडा कितीही छोटा सांगा. मी माझा तक्ता तसा करून बघितला. निम्म्याहून जास्त खर्च समुद्र दिसण्याआधीच झालेला होता.

गुहागरहून निघताना बाबांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं होतं. केळापूरला पोचल्यावर आईने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि विचारलं, "किती लागले?"

बाबा म्हणाले, "त्याले विचार. त्यानं लिहून ठेवलं हाये."