'सुलभीकरण' : अर्थ आणि उपयोग

मराठी समीक्षेत 'सुलभीकरण' हा शब्द जवळजवळ निकालपत्रासारखा वापरला जातो. वाङ्मयेतिहासातील एखाद्या विधानाविषयी, एखाद्या पाठ्यग्रंथाविषयी किंवा प्रबंधातील निष्कर्षाविषयी 'हे सुलभीकरण आहे' एवढे म्हटले, की त्यापुढे काही सांगण्याची आवश्यकता उरत नाही अशी समजूत दिसते. शासनव्यवहारात मात्र हाच शब्द गौरवाने येतो. कार्यपद्धतीचे सुलभीकरण झाले म्हणजे नागरिकांची सोय झाली, असे तेथे मानतात. एकच शब्द एका क्षेत्रात गुण आणि दुसऱ्या क्षेत्रात दोष दर्शवीत असेल, तर त्याच्या अर्थाची तपासणी करणे क्रमप्राप्त ठरते.

'सुलभ' म्हणजे सहज लाभणारे. त्याला संस्कृत व्याकरणातील 'च्वि' प्रत्यय लागून 'सुलभीकरण' हे रूप सिद्ध होते. 'एकीकरण', 'शुद्धीकरण' ही रूपे याच जातीची. पूर्वी जे तसे नव्हते ते तसे होणे, हा या प्रत्ययाचा अर्थ होय. तेव्हा जे सहज लाभत नव्हते ते लाभेल असे करणे, एवढाच या शब्दाचा मूळ आशय. येथे बदल होतो तो वस्तू आणि तिचा ग्राहक यांमधील अंतरात. वस्तूत काही उणे झाले पाहिजे असे शब्दाच्या घटनेत कोठेही सुचविलेले नाही. 'सरलीकरणा'ची गोष्ट थोडी निराळी आहे. 'सरल' म्हणजे ऋजू, वाकडे नसलेले. म्हणून सरलीकरणात वस्तूचे रूपच बदलते. परंतु रूप बदलले म्हणजे मूल्य बदललेच, असे मात्र नव्हे.

शालेय गणितातील 'सरळ रूप द्या' हा आदेश या दृष्टीने उद्बोधक आहे. २(अ + ब) − ब या पदावलीचे सरळ रूप २अ + ब असे होते. लेखन आटोपशीर झाले, पण दोहोंमधील बरोबरीचे चिन्ह अबाधित राहिले. तेथे कोणी केवळ २अ असे लिहिले, तर उत्तर अधिक सोपे दिसेल. परंतु ते 'अति सरळ' न ठरता चूकच ठरेल. म्हणजे दोष सोपेपणाच्या प्रमाणात नसून एक पद गाळण्यात आहे. 'अतिसुलभीकरण' या शब्दातील 'अति' या उपसर्गाने नेमका हाच भेद झाकला जातो. थोडे सुलभ केले तर क्षम्य, फार केले तर अक्षम्य, असा संख्येचा हिशेब त्यातून सूचित होतो. वस्तुतः प्रश्न बरोबरी टिकली की नाही, हा असतो.

मराठीपुरते पाहिले तर याचा सर्वांत मोठा पुरावा ग्रंथारंभकाळातच सापडतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या 'भावार्थदीपिके'ने संस्कृतात असलेली गीता मराठी श्रोत्याला सुलभ केली. हे कार्य संक्षेपाने झालेले नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्यांचा विस्तार झाला. एकेका पदासाठी दृष्टान्तांची मालिका उभी राहिली. सुलभ करणे म्हणजे कमी करणे, हे समीकरण येथे पूर्णतः मोडते. श्रोत्याला जे अपरिचित होते, त्याच्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या वाढविल्या गेल्या. गाठावयाचे स्थान खाली आणले गेले नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या वादाची रूढ मांडणी पाहावी. ना. सी. फडके कलावादी आणि वि. स. खांडेकर जीवनवादी, हे सूत्र विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केले आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. 'प्रतिभासाधन'कार फडके यांनी तंत्राचा आणि रंजनाचा पुरस्कार केला. खांडेकरांनी लेखकाच्या सामाजिक बांधिलकीवर भर दिला. परंतु फडक्यांच्या काही कादंबऱ्यांना समकालीन राजकीय चळवळींची पार्श्वभूमी आहे. आणि खांडेकरांनी रूपककथेसारखा अत्यंत रचनानिष्ठ प्रकार कसोशीने हाताळला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ययाति'त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांची निवेदने एकमेकांसमोर ठेवण्याची योजना आहे. ती तंत्राचा विचार केल्याखेरीज संभवत नाही. लेखकाने वादात घेतलेली भूमिका आणि त्याची निर्मिती यांत पडणारे अंतर, हे या सूत्रातून गळलेले पद होय. आणि अभ्यासाचा खरा विषय नेमका तोच आहे.

मराठीत या दोषासाठी पूर्वीपासून इतरही शब्द आहेत. मोडीहून वेगळी अशी देवनागरी लिपी महाराष्ट्रात 'बाळबोध' या नावाने ओळखली जात असे. मुलालाही समजेल ते बाळबोध, हा त्यातील गुणवाचक अर्थ. समीक्षेत मात्र तोच शब्द भाबड्या, अपुऱ्या विवेचनाला लावला जातो. 'सुलभीकरणा'चा प्रवासही याच वाटेने झालेला दिसतो. 'ढोबळ' या शब्दाचे स्थान याहून वेगळे. 'ढोबळमानाने' असे म्हणणारा आपल्या विधानाची मर्यादा आधीच सांगून मोकळा होतो. फडके-खांडेकरांविषयीचे सूत्र ढोबळमानाने म्हणून मांडले, तर ते प्रवेशापुरते उपयोगी पडते. अंतिम सत्य म्हणून मांडले, की ते वाचनाचे दार बंद करते.

या शब्दाचा बेसावध उपयोग दुहेरी हानी करतो. अवघड शास्त्र मराठीतून समजावून सांगणारा ग्रंथकार आणि अवघड प्रश्न टाळणारा ग्रंथकार, या दोघांवर एकच शिक्का बसतो. परिणामी पहिल्याचा उत्साह खचतो आणि दुर्बोधतेला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळते. शिवाय, काय गळले हे न सांगता केलेला सुलभीकरणाचा आरोप स्वतःच त्या दोषास पात्र होतो. कारण एका गुंतागुंतीच्या विवेचनाची संभावना तोही एका शब्दात करीत असतो. तेव्हा हा शब्द योजणाऱ्या समीक्षकाने गळलेले पद कोणते आणि त्यामुळे निष्कर्ष कोठे बदलला, हे दाखविले पाहिजे. ते दाखविता आले तर आरोप सिद्ध होतो. दाखविता आले नाही, तर ज्याला दोष म्हटले ते कदाचित केवळ स्पष्ट लेखन असेल.