मैना गावाकडं काय करत होती?

गेल्या वर्षी एक ऑगस्टला मी गावी होतो. गाव वाळवा तालुक्यातलं, जिल्हा सांगली. अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीची मिरवणूक चौकात आली तेव्हा मी आणि आज्जी कट्ट्यावर बसलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, पुढं नाचणारी पोरं, आणि गाणं 'माझी मैना'. ठेका पार बदललेला. थोडं वाजलं आणि मध्येच तोडून दुसरं गाणं लागलं. पोरांच्या पायांना फरक पडला नाही.

रात्री मी आज्जीला तेच गाणं मोबाइलवर पूर्ण ऐकवलं, विठ्ठल उमपांच्या आवाजात. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मैना गावावर राह्यली, ते कळलं. पर राहून तिनं केलं काय, ते कुटं हाय त्यात?"

हा प्रश्न तिच्याकडून यावा याला कारण आहे. आमचे आबा १९६२ साली मुंबईला गिरणीत लागले आणि १९८३ साली परत आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जे अडीच लाख कामगार होते, त्यातले ते एक. एकवीस वर्षं ते लालबागच्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर पथारी टाकून राहिले. खानावळीत जेवले आणि महिन्याला मनिऑर्डर पाठवली. एकवीस वर्षं आज्जी गावात होती. म्हणजे मैना आमच्याच घरात होती आणि गाण्यात आपण कुठं आहोत ते ती शोधत होती.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याचा विद्यार्थी नाही. पण त्या प्रश्नानं मला अण्णा भाऊ पुन्हा वाचायला लावले. आधी मी त्यांचे पोस्टर बघितले होते, पुस्तकं फारशी नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचंही तसंच असेल, म्हणून जे सापडलं ते लिहितो.

एका तालुक्याच्या दोन मुंबया

मुंबईवरच्या दोन गाजलेल्या लावण्या एकाच तालुक्यातल्या माणसांनी लिहिल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. पहिले पठ्ठे बापूराव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. दुसरे अण्णा भाऊ. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव. दोन्ही गावं वाळवा तालुक्यात, आणि वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

एक कुलकर्णी वतनदाराच्या घरातला. घर-जात मागं टाकून तो तमाशात शिरला, पवळाबाईसोबत त्यानं थिएटरं गाजवली आणि शेवटी पुण्यात विपन्नावस्थेत मेला. दुसरा मांगवाड्यातला. शाळा जेमतेम दीड दिवस. दुष्काळाच्या दिवसांत घरच्यांबरोबर पायी मुंबईला आला, हमाली केली, गिरणीत राबला आणि घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहीत गेला.

बापूरावांच्या लावणीत मुंबई ही रावणाची दुसरी लंका आहे. तिचा डंका सगळ्या मुलखात वाजतो. गावाकडचा माणूस पहिल्यांदा शहर बघतो तेव्हा त्याच्या तोंडून निघेल तशी ती दाद आहे. मी दहावीनंतर पहिल्यांदा मरीन ड्राइव्हला उभा राहिलो तेव्हा माझंही तोंड तसंच उघडं पडलं होतं. त्या दादेला कमी लेखायचं कारण नाही.

अण्णा भाऊंची 'मुंबईची लावणी' हे त्या दादेला दिलेलं उत्तर आहे, असं सांगितलं जातं. तिच्यात मलबार हिल उंचावर आहे आणि परळ खाली. वर इंद्राची नगरी आणि कुबेराची वस्ती, खाली रात्रंदिवस राबणारी माणसं. पण बारकाईनं ऐकलं तर दिसतं की भाषा दोघांची एकच आहे. एकानं लंका आणली, दुसऱ्यानं इंद्र आणि कुबेर आणले. परळच्या कामगाराला 'भांडवलशाही' शब्द पत्रकातून शिकावा लागत होता. कुबेर त्याला कीर्तनातून आधीच माहीत होता. अण्णा भाऊंनी ओळखीच्या कुबेराला मलबार हिलचा पत्ता दिला.

आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम बदलायची एक रीत आहे. वापरणाऱ्याला दिसणारा इंटरफेस तसाच ठेवायचा आणि आतला कोड बदलायचा. अण्णा भाऊंनी तमाशाचं तेच केलं. तमाशाची सुरुवात गणानं होते आणि गणात गणपतीला वंदन असतं. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदन मायभूमीला आणि शिवछत्रपतींना केलं. प्रेक्षकाचा कान ज्या जागी झुकायला तयार होता ती जागा शाबूत राहिली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाची ताकद याच्यात होती. गिरणीच्या गेटवर थांबलेला माणूस आधी डफ आणि तुणतुण्यासाठी थांबला. मागणी त्यानं नंतर ऐकली.

विरह कुणी सांगायचा?

आता 'माझी मैना'कडं येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ही छक्कड. छक्कड म्हणजे शृंगारिक लावणीतला चटपटीत प्रकार. इथंही साचा जुना आहे, पण आत एक बदल आहे आणि मला तो अण्णा भाऊंचा सगळ्यात धाडसी बदल वाटतो.

जुन्या लावणीत विरह सहसा बाई सांगते. पती किंवा प्रियकर मोहिमेवर, मुलूखगिरीवर गेलेला असतो. घरी राहिलेली बाई सखीला सांगते की जीव कसा जळतो. लिहिणारा पुरुष, पण बोलणारी बाई. गेलेला माणूस गाण्यात फक्त आठवणीपुरता असतो. तो तिकडं काय भोगतोय ते कुणी विचारत नाही.

अण्णा भाऊंनी माईक उलट फिरवला. बोलतो तो गेलेला माणूस. मुंबईत आलेला, पोटामागं वणवण करणारा, ज्याच्या जिवाची काहिली होते तो पुरुष. त्या काळातल्या मुंबईचं चित्र मनात आणा. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथून आलेली लाखो माणसं, बायका-पोरं गावाकडं, खोलीत पाळीपाळीनं झोपणं. या माणसांना आपलं दुखणं सांगायला शब्द नव्हते. गड्यानं रडायचं नसतं, हे त्यांना घरूनच शिकवलेलं. लावणीच्या विरहाची सगळी सामग्री अण्णा भाऊंनी त्यांच्या हातात दिली. शृंगाराच्या आडून हजार माणसांच्या सभेत गडी रडू शकला. आबांना हे गाणं पाठ होतं, असं आज्जी सांगते. गावात मात्र त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

पण माईक एकाच्या हातात गेला की दुसऱ्याच्या हातून सुटतो. मैना कशी दिसते, तिचा बांधा, तिचा रंग, ते सगळं तो सांगतो. निरोपाच्या वेळी तिनं कसं तोंड केलं तेही तोच सांगतो. दागिन्यांचं वचनही तोच देतो. ती एका शब्दानं उत्तर देत नाही. जुन्या लावणीतली बाई पुरुषाच्या लेखणीतून का होईना, बोलत तरी होती. इथं ती गप्प झाली. आज्जीनं नेमकं यावर बोट ठेवलं होतं.

नकाशा होताना

गाण्याचा शेवट तुम्हाला माहीत असेल, किंवा क्लिपमुळं माहीत नसेल. मैनेची भेट होत नाही, तशीच गत महाराष्ट्राची झाली, असं शाहीर म्हणतो. बेळगाव, कारवार दुसऱ्यांच्या ताब्यात. डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात. इथं एकदम कळतं की मैना म्हणजे तुटून राहिलेला मुलूख होती. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली, पण ही गावं आली नाहीत. बेळगाव आणि कारवार आज कर्नाटकात आहेत, डांग आणि उंबरगाव गुजरातेत.

राजकीय गाणं म्हणून हा शेवट जबरदस्त आहे. सीमाप्रश्नावरचं भाषण ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. इथं शाहीर आधी पाणी आणतो आणि मग सांगतो की ते कशासाठी होतं. मिरवणुकीत आणि रीलमध्ये नेमका हाच शेवट कापला जातो. मग उरतं ते एक नाचायचं प्रेमगीत. आंदोलनाचं गाणं असं मरतं. त्यावर बंदी घालावी लागत नाही, ते थोडं आधी थांबवलं की पुरतं.

तरीही माझी अडचण राहतेच. गाणं पूर्ण ऐकलं तर मैनेचा नकाशा होतो आणि अर्धं ऐकलं तर बाहुली. दोन्हीकडं ती माणूस होत नाही. चळवळीच्या गाण्यांत ही खोड जुनी आहे: भूमी म्हणजे आई, राज्य म्हणजे माता, हरवलेला मुलूख म्हणजे प्रिया. बाईला एवढ्या उंचावर बसवलं की तिला विचारायची गरज राहत नाही. ज्या शाहिरानं गणातला देव बदलला, त्यानं हा भाग मात्र जुनाच राहू दिला.

जिथं बायको बोलते

अण्णा भाऊंवर अन्याय होऊ नये म्हणून 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचायला हवी. भीमा वारणाकाठचा गडी, पोटासाठी मुंबईच्या उपनगरात आलेला. खाणीत काम मिळतं आणि एक दिवस खाण बंद पडते. हिंडताना मसणातल्या राखेत त्याला सोनं सापडतं. मग तो रात्री स्मशानात जाऊन राख चाळू लागतो, पुरलेली मढी उकरू लागतो. घरात पैसा येतो. बायको घाबरते, नको म्हणते. तो ऐकत नाही. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढं काढतो आणि प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात. ती पुढं कापावी लागतात. आणि त्याच वेळी खबर येते की खाण पुन्हा सुरू झाली.

इथं मलबार हिल नाही, कुबेर नाही, घोषणा नाही. तरी शहर माणसाचं काय करतं ते लावणीपेक्षा जास्त कळतं. बेकारीत माणूस वाईट मार्गाला लागतो, एवढंच सांगून लेखक थांबला असता तर गोष्ट साधी झाली असती. अण्णा भाऊ दाखवतात की भीमाला त्या कामाचं कौतुक वाटू लागतं. आपण मेहनत करतोय, चोरी नाही, असं तो स्वतःला पटवतो. कंपनीनं मला तीन महिने कामाविना बेंचवर बसवलं होतं तेव्हा मी रोज रात्री जे काय काय अर्ज भरले आणि स्वतःला जे पटवलं, ते आठवून ही कथा मला दुसऱ्यांदा वाचवली नाही.

आणि इथं बायको बोलते. तिची भीती खरी ठरते. लावणीत जी गप्प होती तिला गोष्टीत घर, लेक आणि मत मिळालं. बहुधा गद्यात अण्णा भाऊंना पुढच्या हजार माणसांना खिळवून ठेवायचं नव्हतं, त्यामुळं एकाच आवाजात सगळं म्हणायची सक्ती राहिली नाही. म्हणून मला वाटतं, जयंतीला गाणं वाजवणाऱ्यांनी ही एक कथा चौकात मोठ्यानं वाचावी. पाऊण तास लागेल.

मैनेचं उत्तर

मैनेचं उत्तर मात्र दुसरीकडं आधीच होतं. जात्यावर बसून बायकांनी म्हटलेल्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि आता 'परी'च्या संकेतस्थळावर त्या फोनवर ऐकता येतात. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, कर्ज, शहराला गेलेला धनी, सगळं त्यांत आहे. डफ नाही, सभा नाही, समोर फक्त दळण. शाहिराच्या गाण्याला स्टेज मिळालं आणि ओवी उंबऱ्याच्या आत राहिली. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या तरच त्या काळाचं पूर्ण गाणं ऐकू येतं. समीक्षेत ही दोन कपाटं वेगळी का ठेवतात ते मला कळत नाही.

परवा फोनवर मी आज्जीला म्हटलं, "तुझ्या प्रश्नावर लेख लिहिलाय." ती म्हणाली, "मग त्यात ल्ही की, दीड एकर रान हुतं, ते मी इकू दिलं न्हाई. आबा संपातनं रिकाम्या हातानं आलं तवा त्याच रानावर आमी जगलो."

लिहिलं.