हिमप्रदेशांतील शृंगार

अलीकडे दिवाळी अंकांतून आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून प्रवासवर्णनाचा एक नवा प्रकार रूढ होऊं लागला आहे. नवपरिणित दांपत्य, अथवा संसाराचीं कांहीं वर्षें मागें टाकलेलें जोडपें, ऐन जानेवारींत फिनलंडच्या किंवा नॉर्वेच्या उत्तर टोंकाला जातें, अरण्यांतल्या एखाद्या विश्रामस्थानीं कांचेच्या छताच्या खोलींत चार रात्री काढतें, आणि परत आल्यावर दोघांपैकीं एक जण त्या सहलीचें वर्णन लिहितो. पूर्वीं महाबळेश्वर-माथेरानला जें भाग्य लाभलें, तें आतां लॅपलंडला लाभूं लागलें आहे. यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या सोलापुरांत मे महिन्यांत पारा त्रेचाळीस अंशांच्याही वर चढतो, तेथील माणसाला बर्फाची ओढ वाटावी हें अगदीं स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचें गाऱ्हाणें जाण्याबद्दल नसून लिहिण्याबद्दल आहे.

हीं वर्णनें ओळीनें पांच-सहा वाचलीं म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. तापमान उणें पंचवीस होतें. अंगावर कपड्यांचे चार थर होते. रेनडिअरच्या घसरगाडींतून फेरी झाली. अखेर एका रात्रीं आकाशांत हिरवा पडदा हालूं लागला. स्वीडनमधील युक्कासयार्वी या गांवीं टोर्ने नदीच्या बर्फाचें हॉटेल दर हिवाळ्यांत नव्यानें बांधतात, पाहुणे उणें पांच अंशांच्या सुमाराच्या खोलींत रेनडिअरच्या कातड्यांवर निजतात, आणि वसंतांत तें सारें वितळून पुन्हां नदीला मिळतें, ही माहितीही कोणी देतो. हें सर्व खरें आहे आणि मनोरंजकही आहे. परंतु सहल प्रणयाची म्हणावी, आणि सबंध लेखांत प्रियजन कोठें आहे म्हणून शोधूं लागावें, तर ‘आम्ही दोघें’ या दोन शब्दांपलीकडे त्याचा मागमूस लागत नाहीं! तें माणूस छायाचित्रांत तेवढें दिसतें. मजकुरांत तें कांहीं बोलत नाहीं, रागावत नाहीं, कशाला भीतही नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर नायक-नायिका हीं शृंगाराचें आलंबन, आणि ऋतु, चंद्रोदय, पर्वत हें सारें उद्दीपन. उद्दीपन कितीही रम्य असलें तरी तें कोणाच्या तरी मनांत कांहीं तरी चेतवण्यापुरतें. प्रस्तुत वर्णनांत उद्दीपनानें आलंबनास गिळून टाकलें आहे. चूल सजवून मांडली आहे, पण शिजत कांहींच नाहीं.

गिरिशिखरीं विहार करणाऱ्या दांपत्याचें चित्र कसें काढावें, याचा धडा आपणांस परक्यांकडून घ्यावयास नको. कुमारसंभवाचा आठवा सर्ग पाहावा. विवाहानंतर शिव-पार्वती पर्वतापर्वतांवरून हिंडत गंधमादनावर येतात, तों सूर्य मावळावयास येतो. त्या सायंकाळचें वर्णन विस्तृत आहे. परंतु तें कवि वाचकाला सांगत नाहीं, शिव पार्वतीला सांगतो. इतकेंच नव्हे, तर मध्येंच तो संध्यावंदनास उठून जातो, ती रुसते, त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून जवळच्या विजयेशीं उगाच कांहीं तरी बोलूं लागते, आणि मग त्याला तिची समजूत घालावी लागते. अंधार आणि चंद्रोदय यांचें वर्णन येतें तें या रुसव्यानंतर. देवतांचा संभोग वर्णिण्यांतील अनौचित्य आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत दाखवलेंच आहे. तो दोष कवीच्या शक्तीनें झांकला जातो, हेंही त्यानेंच म्हटलें आहे. माझ्या मतें त्या शक्तीचा एक भाग हाच कीं, तेथें निसर्ग हा दोघांच्या संभाषणाचा विषय आहे, संभाषणाच्या जागीं बसविलेला देखावा नव्हे.

कोणी म्हणेल, प्रत्येक प्रवासवर्णनांत शृंगार कशाला? निसर्ग हाच विषय असूं द्या. मान्य आहे. परंतु मग निसर्गाकडे पाहणाराच्या ठायीं तरी उत्कंठा हवी. उत्तरध्रुवप्रदेश मराठी वाचकाच्या मनांत शिरला तो बहुतांशीं लोकमान्य टिळकांच्या ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ या १९०३ सालच्या ग्रंथामुळें. टिळकांनीं तो प्रदेश डोळ्यांनीं पाहिला नव्हता, आणि आर्यांचें मूलस्थान तेथें होतें हा त्यांचा सिद्धांत आज विद्वानांस मान्य नाहीं. तरीही त्यांचा तो ग्रंथ वाचतांना अंगावर कांटा येतो. ही रात्र संपेल ना, हिच्या पलीकडच्या तीरास आपण सुखरूप पोंचूं ना, ही ऋषींची व्याकुळता त्यांनीं ऋचाऋचांतून वेंचून काढली आहे. त्या युक्तिवादांत रात्र सोसणारें कोणी तरी आहे. आमच्या सहलवर्णनांत रात्र म्हणजे हिरव्या प्रकाशामागें लावलेला काळा पडदा.

फिनलंडच्या उत्तर टोंकास उत्स्योकी येथें नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाहीं. चार रात्रींचा पाहुणा निघून गेल्यावरही ती रात्र तेथील सामी लोकांना काढावयाची असते. आमच्या लेखांतून सामी मनुष्य घसरगाडी हांकण्यापुरता येतो. त्यालाही साहित्य आहे, याची दखल नसते. योहान तुरी या सामी गृहस्थानें आपल्या लोकांचें जीवन आपल्या भाषेंत ग्रंथरूपानें सांगितलें तें १९१० सालीं. निल्स-आस्लाक वाल्केयापे या सामी कवीला १९९१ सालीं नॉर्डिक कौन्सिलचें साहित्य पारितोषिक मिळालें. त्या काव्यग्रंथाच्या नांवाचा अर्थ ‘सूर्य, माझा पिता’ असा आहे. उन्हाला कंटाळून आपण जेथें जातों, तेथल्या कवीनें सूर्याला बाप म्हणावें, एवढी एक गोष्ट ध्यानांत घेतली असती तरी यांतील कितीएक लेख निराळे झाले असते.

हें सारें लिहिण्यास निमित्त झालें तें एका पत्राचें. नांव न घालण्याच्या अटीवर त्याचा उल्लेख करण्यास लिहिणारानें अनुज्ञा दिली आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें असाच एक लेख छापण्यापूर्वीं मजकडे पाठवला होता. सोबत खासगी पत्र होतें. लेख वर सांगितल्याप्रमाणें. पत्रांत निराळेंच होतें. त्याच्या पत्नीचें बालपण सोलापूरच्या पूर्व भागांत, यंत्रमागांच्या खडखडाटांत गेलेलें. बर्फांतल्या पहिल्या रात्रीं तिला झोंप येईना. थंडीमुळें नव्हे, निःशब्दतेमुळें. खडखडाट थांबला म्हणजे माग बंद पडले, आणि माग बंद पडले म्हणजे घरांत उद्यांची चिंता, ही लहानपणची भीति तिच्या अंगांत मुरलेली. लग्नाला नऊ वर्षें झालीं होतीं. ही गोष्ट ती त्या रात्रीं प्रथमच बोलली. अंगावर घरून नेलेली सोलापुरी चादर घेऊन दोघें पहाटेपर्यंत बोलत बसलीं. ढगांमुळें ध्रुवीय प्रकाश त्यांना चारही रात्री दिसला नाहीं. लेखांत मात्र त्याचें रंगतदार वर्णन होतें! मी विचारलें, तेव्हां उत्तर आलें, “त्याशिवाय लेख छापील कोण, सर?”

मीही त्या वेळीं शुद्धलेखन तेवढें तपासून लेख परत केला, हें येथें कबूल केलें पाहिजे. तो तसाच छापून आला. न दिसलेला प्रकाश छापला गेला, आणि खरोखर घडलेली रात्र पाकिटांत राहिली. यांत अपराध एकट्या लेखकाचा नाहीं. देखावा मागणारे संपादक, देखाव्यावर संतुष्ट होणारे वाचक, आणि भाषा शुद्ध आहे ना एवढेंच पाहणारे माझ्यासारखे अध्यापक, या सर्वांनीं मिळून हा प्रकार पोसला आहे. तो विद्यार्थी आतां तें पत्र लेखरूपानें लिहावयास बसला आहे. पत्नीनें संमति दिली आहे. मात्र मागांविषयींचा मजकूर छापण्यापूर्वीं आपण वाचणार, अशी तिची अट आहे. ती रास्तच म्हटली पाहिजे.