हजेरी, हिशेब आणि उत्तर

शाळेत न येणाऱ्या मुलाला कोणत्या शब्दाने संबोधावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कोशकाराचा वाटतो. वस्तुतः दोष कोणाच्या माथी बसावयाचा, हे बऱ्याच अंशी त्या शब्दानेच ठरते. इंग्रजीतील ‘ट्रुअन्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. भिकारी, भटक्या हा त्याचा पूर्वीचा अर्थ. शाळा चुकविणारा मुलगा हा अर्थ त्याला नंतर प्राप्त झाला. दारिद्र्य आणि अपराध यांची गाठ या शब्दात अशी आधीच पडलेली आहे. मराठीतील ‘दांडी मारणे’ या प्रयोगातही कर्ता मूलच असते. उलट ‘गळती’ या शासकीय शब्दात कर्ताच नाही. मुले जणू आपोआप गळून जातात.

अमेरिकेत अलीकडे ‘क्रॉनिक ॲब्सेन्टीइझम’ ही संज्ञा रूढ झाली आहे. कारण कोणतेही असो, शाळेच्या एकूण दिवसांपैकी एक दशांश दिवस बुडाले की ती सामान्यतः लागू होते. २०१५ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर बहुतेक राज्यांनी शाळांच्या मूल्यमापनात तिचा अंतर्भाव केला. या संज्ञेत मुलावर ठपका नाही, हा तिचा गुण निःसंशय मोठा आहे. तथापि जेथे गणना आली, तेथे गणनेचा मोहही आला.

वॉशिंग्टन शहरातील बालू हायस्कूलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अनाकोस्टिया नदीपलीकडील या दरिद्री भागातील शाळेत २०१७ साली १६४ विद्यार्थ्यांना पदविका मिळाली आणि शाळेचे कौतुक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आकाशवाणीच्या वार्ताहरांनी दाखवून दिले, की त्यांपैकी निम्मे विद्यार्थी वर्षभरात तीन महिन्यांहून अधिक काळ विनापरवाना गैरहजर होते. एखाद्या विषयाच्या तीस तासिका अशा बुडाल्या, तर त्यात अनुत्तीर्ण करावे, असा नियम असतानाही हे घडले. जानेवारी २०१८ च्या शासकीय अहवालानुसार शहरातील २,७५८ पदविकाधारकांपैकी ९३७ जणांच्या बाबतीत नियमभंग झाला होता. पदविकांचे प्रमाण वाढावे, हा दबाव शिक्षकांपर्यंत पोहोचला होता.

हा दोष केवळ परदेशचा नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरील नावे आणि वर्गातील मुले यांत मोठी तफावत आढळली होती. आकड्यावर मान वा अनुदान अवलंबून असले, की आकडा वास्तवापासून सुटा होऊ लागतो.

यावर गणनाच नको, असे म्हणणे मात्र युक्त नव्हे. गरीब वस्तीतील मुलांची अनुपस्थिती पूर्वी कोणाच्या लेखी नव्हती; मोजदादीमुळेच ती दृष्टीस पडली. नियमाची काटेकोर अंमलबजावणी हाही पुरेसा उपाय नव्हे. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, रात्री कामावर जाणारी किंवा राहते घर वारंवार सोडावे लागणारी मुले केवळ अनुत्तीर्ण केल्याने वर्गात परत येत नाहीत. खोटी पदविका त्यांना फसविते आणि कोरडा नियम त्यांना घालवून देतो; दोन्ही प्रकारांत मूल का आले नाही, हे विचारावयाचे राहूनच जाते.

येथे दोन भाषांतील भेद लक्षणीय ठरतो. इंग्रजीतील ‘अकाउंटॅबिलिटी’ या शब्दाच्या पोटात हिशेब आहे. मराठीतील ‘उत्तरदायित्व’ या शब्दाच्या पोटात उत्तर आहे. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकाच अर्थी योजिले जातात, पण वॉशिंग्टनमधील प्रकरण त्यांतील अंतर उघड करते. तेथे हिशेब चोख मांडला गेला होता. उत्तर कोणी दिले नव्हते. हिशेब वरिष्ठांकडे धाडावयाचा असतो. उत्तर मात्र ज्या मुलाचे वर्ष बुडाले, त्याला द्यावयाचे असते, आणि त्यासाठी शाळेला त्याच्या दारापर्यंत जावे लागते.