वादळाचे चित्र आणि चित्रातील वादळ

शास्त्रीय विषय मुलांस चित्राच्या द्वारे शिकवावा, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. परंतु ते चित्र कोणत्या कसोटीवर पारखावे, याची चर्चा क्वचितच होते. चक्रीवादळाच्या निमित्ताने ती येथे करावयाची आहे.

मुलास वादळ काढावयास सांगावे, तर वाकलेली झाडे, उडालेले छप्पर आणि वीज एवढेच बहुधा कागदावर उतरते. मोठ्यांच्या भित्तिचित्रांत तर वादळास राक्षसाचे तोंडही दिलेले आढळते. या चित्रांत भय आहे; वादळाची रचना नाही.

इंग्रज चित्रकार टर्नर याचे १८४२ सालचे हिमवादळातील आगबोटीचे चित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात ढग, धूर व लाटा एकाच भोवऱ्यात फिरतात आणि पाहणारा त्या भोवऱ्याच्या आत ओढला जातो. पुढे १८४८ साली कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने खलाशांसाठी ग्रंथ लिहून सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून 'सायक्लोन' हे नाव रूढ केले. इंग्रज मुलांच्या शिंगी अंकलिपीचे नाव त्याने आपल्या ग्रंथास दिले आणि वाऱ्यांची वर्तुळे काढलेल्या शिंगाच्या पारदर्शक चकत्या त्यास जोडल्या. नकाशावर चकती ठेवताच खलाशास वादळाचे केंद्र कोणीकडे आहे ते उमगे. टर्नरने वादळ आतून दाखविले, पिडिंग्टनने वरून. वर्गातील चित्रात या दोन्ही दृष्टी एकत्र आल्या पाहिजेत.

आमच्या रामाकोन्याच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. वैशाखातील वावटळ मात्र त्याच्या परिचयाची असते. ती उपमा सोयीची, पण फसवी आहे. वावटळ तापलेल्या जमिनीवर उठते, कोणत्याही दिशेस फिरते आणि क्षणात विरते. चक्रीवादळ सुमारे साडेसव्वीस अंशांहून उष्ण समुद्राच्या वाफेवर पोसते. वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता हेच त्याचे इंधन. केंद्राकडे धावणारे वारे पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतात; म्हणून त्याचे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. मुलाने अंगणात रांगोळीची चिमूट याच दिशेने फिरवीत आत न्यावी आणि मध्ये ठिपका मोकळा सोडावा. हातास पटलेली गोष्ट पाठांतराहून अधिक टिकते.

तो मोकळा ठिपका केवळ शोभेचा नव्हे. प्रबळ वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा पडतो. वादळ सरले असे समजून माणसे बाहेर येतात आणि मग उलट दिशेचा वारा त्यांस गाठतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अशा किनाऱ्यावरील मुलास हे ज्ञान प्राणरक्षक ठरेल. आमचे मूलही त्यास सर्वस्वी परके नाही. बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या न्यून दाबाच्या क्षेत्रांचा पाऊस सातपुड्यापर्यंत पोहोचतोच.

म्हणून अशा चित्रास गुण देताना रंगांची टापटीप दुय्यम मानावी. चक्राची दिशा बरोबर आहे काय, डोळा शांत आहे काय, चक्राखाली उष्ण समुद्र आहे काय, हे आधी पाहावे. या विषयात असत्य रेखाटणारे चित्र कितीही रमणीय असले, तरी कला म्हणूनही ते उणेच ठरते.